वाकडे मास्तरांनी सोडलेली जागा

वाकडे मास्तर वाजवता वाजवता मध्येच थांबायचे. गाणं रंगात आलेलं असायचं, वरातीतली माणसं घामाघूम होऊन नाचत असायची, आणि हे ट्रम्पेट ओठांपासून चार बोटं लांब धरून आमच्यातल्या एकाकडे बघत राहायचे. मागे ड्रम चालू. ज्याच्याकडे बघतील त्याने तेवढ्या वेळात स्वतःचं काहीतरी वाजवायचं, अशी त्यांची अपेक्षा. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा पुढचं विसरला. आम्हा बँडवाल्यांना ठाऊक होतं की ते विसरलेले नाहीत. ते आपली परीक्षा घेतायत असा आम्हाला संशय यायचा, आणि लग्नाच्या वरातीत परीक्षा द्यायला कोणाला आवडतं?

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. गाणं सरळ वाजवत नाहीत म्हणून आमच्या बँडचे मालक नाना यांनी हे नाव ठेवलं, आणि ते रत्नागिरीत इतकं रुळलं की मास्तरांच्या घरी लग्नपत्रिकाही 'श्री. व सौ. वाकडे' अशा यायला लागल्या. मास्तर ती पत्रिका बायकोपुढे धरायचे. "बघ, तुझं आडनाव पुन्हा बदललं. आणि तेसुद्धा दुसरं लग्न न करता."

मास्तर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचे. घरची होडी होती, पण हे तरुणपणी मुंबईला गेले ते एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात. तिथे जेवणघरात रोज संध्याकाळी जॅझ वाजायचं. एका वयस्क गोवेकर वादकाने यांना हाताशी धरून ट्रम्पेट शिकवलं, आणि पुढची वीसेक वर्षं मास्तर त्याच हॉटेलात काळा कोट घालून वाजवत होते. हॉटेलांनी वादक ठेवणं बंद केलं तेव्हा ते रत्नागिरीला परतले. येताना त्या गोवेकराचं चांदीच्या मुलाम्याचं लांब ट्रम्पेट घेऊन आले. ते उन्हात धरलं की समोरच्याला डोळे बारीक करावे लागत.

त्यांचं वाजवणं त्यांनीच एकदा तालमीत समजावून सांगितलं होतं. "चाल म्हणजे घर. घरात बसून काय राहायचं? अंगणात ये, विहिरीवर जा, शेजाऱ्याच्या काजूपर्यंत जाऊन ये. फक्त दिवेलागणीला घरी परत ये." त्यावर नाना म्हणाले होते, "मास्तर, लोक लग्नात घर बघायला येतात. तुम्ही त्यांना तासभर विहीर दाखवताय." सगळे हसले. मास्तरही हसले, आणि त्या संध्याकाळच्या वरातीत दुप्पट लांब फिरून आले.

मी त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. दिवसा सरकारी कचेरीत कारकून. कचेरीत पत्रांच्या नकला काढायचो, बँडमध्ये गाण्यांच्या. एकदा पाठ झालेलं गाणं मी कधी चुकलो नाही, याचा मला अभिमान होता. मास्तर थांबून माझ्याकडे बघायचे तेव्हा मी घाईघाईने मूळ गाण्यातलीच एखादी ओळ वाजवून टाकायचो. मग वाटेत पाणी पिताना ते जवळ यायचे आणि म्हणायचे, "हे पाठ केलेलं. मी जागा सोडली होती. तू भरली नाहीस."

आता मला पाखाडीचं सांगितलं पाहिजे. आमच्या कोकणात डोंगरउतारावर जांभ्या दगडाच्या पायऱ्या असतात, ती पाखाडी. रत्नागिरीत बँडवाल्यांना पाखाडी चुकत नाही. मंदिर वर असतं आणि नवऱ्याचं घर खाली. मोठा ड्रम छातीवर बांधलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून आमच्यात एक रीत होती. पाखाडी लागली की क्लॅरिनेट बंद. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य काखेत मारायचं आणि ड्रमवाल्याच्या पाठीवरचा पट्टा मागून घट्ट धरायचा, म्हणजे वजन पुढे ओढत नाही. आणि मास्तर ड्रमवाल्यापुढे, त्याच्याकडे तोंड करून उलटे उतरायचे. वाजवत वाजवत. पायरी आली की ट्रम्पेटचं तोंड खाली करायचे. तेवढी खूण बघून ड्रमवाला पाऊल टाकायचा.

आमचा ड्रमवाला सद्या, मूळचा हर्णैचा. रत्नागिरीत बहिणीकडे राहायचा. हसरा, आडदांड माणूस. थोडी घ्यायचा, पण हात कधी तालाबाहेर गेला नाही.

अठरा वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका लग्नात, दुपारी चारच्या सुमाराला आम्ही पाखाडी उतरत होतो. पट्टा माझ्या उजव्या हातात होता. मास्तर खालून उलटे उतरत वाजवत होते, आणि त्या दिवशी ते असं काही वाजवत होते की माझ्यासारख्या नकला काढणाऱ्याचेही कान उभे राहिले. चालीपासून इतके दूर गेले होते की आता परत कसे येणार असं वाटावं. आणि नेमके तिथे ते थांबले. ट्रम्पेट ओठांपासून चार बोटं लांब. सद्याच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाखाडीवर क्लॅरिनेट बंद असतं हे त्या क्षणी तेही विसरले असावेत.

मला पुढचं ऐकू आलं. दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगू? त्या रिकाम्या जागेत काय हवंय ते मला आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं. मी पट्टा सोडला, क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि दोन सूर वाजवले. एक मधला, एक अगदी खालचा. मास्तरांचे डोळे हसले. त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं आणि माझा खालचा सूर जिथे संपला तिथून पुढे उचललं. त्याच वेळी सद्या घसरला.

दोन पायऱ्या एकदम. ड्रमची कड ट्रम्पेटच्या तोंडावर आदळली आणि ट्रम्पेट मास्तरांच्या तोंडावर. वरचे पुढचे दोन दात गेले आणि ओठ फाटला. पांढऱ्या गणवेशावर, त्या सोनेरी झालरींवर रक्त उतरलं. बायका ओरडल्या. सद्या पायरीवर बसूनच राहिला, ड्रम मांडीवर घेऊन. वरातीच्या गोंगाटात माझे दोन सूर कोणाच्या लक्षात आले नव्हते. नाना धावत आले.

"पट्टा सुटला," सद्या म्हणाला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी धरला होता."

तीन शब्द. मी ते ठरवून बोललो नाही. ते पाठ केलेल्या ओळीसारखे तोंडातून बाहेर पडले. नाना वाकले, सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी सद्याच्या तोंडाचा वास घेतला.

"घेतली होतीस?"

"सकाळी वाईच घेतली होती नाना, पण..."

त्याचं 'पण' कोणी ऐकून घेतलं नाही. मास्तर तोंडाला टॉवेल लावून बसले होते आणि टॉवेलवरून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं, ते मी पुढची अठरा वर्षं शोधत राहिलो.

सद्याचा ड्रम त्याच आठवड्यात नानांनी काढून घेतला. तो हर्णैला गेला, होड्यांवर कामाला लागला. 'मास्तरांचे दात पाडणारा दारुडा' ही त्याची ओळख रत्नागिरीत मागे राहिली. मी गप्प राहिलो. बायकोलाही सांगितलं नाही.

आणि मी मास्तरांवर नजर ठेवायला लागलो. त्यांना कळलंय की नाही? दवाखान्यातून घरी आले तेव्हा भेटायला गेलो. ओठाला टाके होते, बोलायची बंदी. त्यांनी आधी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानावर टिचकी मारली. मी ऐकलंय, असं म्हणतायत? की तू वाजव, मला ऐकायचंय, असं? "बरे व्हा, मग ऐकवतो," असं काहीतरी म्हणून मी चहा अर्धा ठेवून उठलो.

सात महिन्यांनी ते कवळी लावून तालमीला आले. हातात चांदीचं ट्रम्पेट नव्हतं. बँडच्या कपाटातलं जुनं, पोचे पडलेलं, आखूड कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड, काढून त्यांनी पुसायला घेतलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. एवढं देखणं ट्रम्पेट सोडून हे?

"ते लांब आहे," मास्तर म्हणाले. "माणूस अंगावर आला की पहिलं त्याला लागतं. हे बरं, छातीशी राहतं." आणि हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. निदान मला तसं वाटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे मी ट्रम्पेट वाजवणाऱ्या एकाला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, कवळीवाल्याला कॉर्नेटच सोयीचं, ओठांवर कमी दाबलं तरी बोलतं, आवाजही मऊ. म्हणजे साधं कारण होतं. तरी माझं समाधान झालं नाही. साधी कारणं मला पटेनाशी झाली होती.

त्यांचं वाजवणंही बदललं. पूर्वीचे उंच, चमकणारे सूर गेले. आता ते खालच्या पट्टीत, थोडक्यात वाजवायचे. चालीतले अर्धेअधिक सूर गाळायचे आणि उरलेले असे ठेवायचे की गाळलेलेही ऐकू यावेत. दम पुरत नाही असं काही जण म्हणायचे. जाणकार म्हणायचे, मास्तर आता खरे वाजवायला लागले. लोक त्यांच्या या नव्या ढंगाची तारीफ करायचे तेव्हा मी तिथून उठून जायचो. तो ढंग कुठून आला ते मला माहीत होतं.

जागा सोडणं मात्र त्यांनी सोडलं नाही, उलट वाढवलं. आणि आता ते जास्त करून माझ्याकडेच बघायचे, असा माझा संशय. मी पाठ केलेली ओळ वाजवायचो. ते मान हलवायचे, रागाने नाही, आणि पुढे जायचे. ते दोन सूर सोडले तर त्यानंतर मी स्वतःचं असं काही वाजवलं नाही.

एकदा चहाच्या टपरीवर सद्याचा विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, बेवड्याच्या हातात ड्रम दिला ही नानांची चूक. मास्तर बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "दारू त्याच्या पोटात होती. पायात नव्हती." बास. माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

दर एक-दोन महिन्यांनी मास्तर एसटीने हर्णैला जायचे. परत आले की माझ्या घरी कागदात बांधलेली सुकट द्यायचे. "सद्याने दिलीय." पहिल्यांदा मी पुडी उघडलीच नाही. सद्याने मला सुकट का द्यावी? मला कळलंय, हे सांगायला? की मास्तरच बाजारातून घेऊन सद्याचं नाव सांगतायत, माझा चेहरा बघायला? बायकोने कांदा घालून छान सुकं केलं. मी ताट सरकवलं.

"आता सुकटीला काय झालं?" ती म्हणाली. "तुम्हाला हल्ली ताटातल्या कोळंबीचाही संशय यायला लागलाय."

अशी वर्षं गेली. मास्तरांचं वय झालं, छातीने दगा दिला, वाजवणं थांबलं. बायको आधीच गेली होती, ते मुलीकडे राहत होते. गेल्या आषाढात मुलीचा फोन आला, "बाबा बोलावतायत. क्लॅरिनेट घेऊन या म्हणाले." मी क्लॅरिनेट नेलं नाही.

मास्तर खाटेवर उशांना टेकून बसले होते. कॉर्नेट बाजूला, स्वच्छ पुसलेलं. मुलगी चहा ठेवायला आत गेली. मास्तरांनी कॉर्नेट उचललं नाही. नुसतं गुणगुणायला लागले. चार सूर झाले आणि मी ओळखलं. पाखाडीवरचं होतं ते. अठरा वर्षांपूर्वीचं, एकदाच वाजवलेलं, कुठेही लिहून न ठेवलेलं. त्याच जागी येऊन ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग त्यांनीच हळू आवाजात दोन सूर गुणगुणले. एक मधला, एक खालचा.

"हे कोणाचं?"

मी कॉर्नेटकडे बघितलं.

"खालचा सूर होता," ते म्हणाले. "क्लॅरिनेटची सगळी भोकं झाकल्याशिवाय तो निघत नाही. दोन्ही हात लागतात."

"तुम्हाला माहीत होतं."

"दात पडायच्या आधीपासून." ते हसले, आणि हसताना खोकले. मी पाणी दिलं. "मेल्या, असा का बघतोस? माझं पण चुकलं. तू वाजवलंस आणि मी खूश होऊन तुझ्याकडे बघत राहिलो. सद्याच्या पायांकडे बघायचं माझं काम होतं. पायरी दाखवायची राहिली."

"मग नानांना सांगायचं होतं."

"सांगितलं. ओठाचे टाके निघाले त्याच दिवशी. माझं जेवढं होतं तेवढं सांगितलं. नानाला वाटलं, मी सद्याला पाठीशी घालतोय. म्हणाला, पट्टा धरला होता म्हणून दुसरा सांगतोय ना."

दुसरा म्हणजे मी.

"तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर सद्या राहिला असता," मी म्हणालो. आजही हे लिहिताना लाज वाटते. त्या क्षणीसुद्धा मी दोष त्यांच्याकडे सरकवत होतो.

त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, "असेल. पण मी जागा सोडली की ती दुसऱ्याची असते. तिच्यात मी कधी वाजवलं नाही. मला वाटलं, तू आज भरशील, उद्या भरशील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूर मात्र चांगले होते रे. खरंच चांगले होते. म्हणून तर चुकलो."

श्रावणात मास्तर गेले.

पंधरा दिवसांनी मी हर्णैला गेलो. संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालला होता, किनाऱ्यावर टोपल्यांच्या रांगा. सद्याला मी आधी पाठीवरून ओळखलं. केस पिकले होते, पाठ तशीच रुंद. त्याने मला बघितलं, टोपली खाली ठेवली.

"मास्तरांचं कळलं," तो म्हणाला. "तू कसा आलास?"

"सद्या, मी पट्टा सोडला होता."

तो ओल्या हातांनी कपाळ पुसत उभा राहिला. "एवढं सांगायला येस्टीत बसून आलास? माझ्या पाठीला तवाच कळलं होतं. मागचा हात सुटला की पाठीला कळत नाय होय?"

"मग सुकट..."

"मास्तर म्हणायचे, दे त्याला, येईल कधीतरी. मी देत होतो. तू काय आला नाहीस." मग त्याने विचारलं, "नानाला सांगितलंस?"

"नाही."

"मग हितं काय करतोस?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. लिलावातल्या दोन बायकांनी वळून बघितलं. "मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग. माझ्या तोंडाचा वास चारचौघांत घेतला होता. तू पण चारचौघांत बोल."

त्याने टोपली उचलली आणि तो गेला.

पुढच्या रविवारी तालमीला सगळे जमले होते. नाना आता ऐंशीचे आहेत, खुर्चीवर बसून तालीम बघतात. मी मध्ये उभा राहून सगळं सांगितलं. पट्टा, क्लॅरिनेट, दोन सूर, माझे तीन शब्द. एक-दोघांनी माझ्याकडून नजर काढून घेतली, ती अजून परत दिलेली नाही. नाना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी वाकून वास घेतला होता रे त्याचा." आणि त्यांनी फोन मागितला.

सद्याने एकदाच ड्रम वाजवायला यायचं कबूल केलं, मास्तरांसाठी. फोनवर म्हणाला, "येतो. पट्टा कोण धरणार ते आधी सांगा." नानांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

यंदा मार्गशीर्षात, एका लग्नात, आम्ही तीच पाखाडी उतरलो. पुढे नवा ट्रम्पेटवाला होता, सरळ तोंडाने चालणारा, गाणं सरळ वाजवणारा. पायरी दाखवायला कोणी नव्हतं. माझं क्लॅरिनेट घरी पेटीत होतं. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. सद्या एक पायरी उतरायचा, मान मागे वळवून माझ्या हातांकडे बघायचा, मग पुढची उतरायचा. प्रत्येक पायरीला. ताल चुकवला नाही, पण बघणंही चुकवलं नाही. बघू दे, असं मी मनाशी म्हणत होतो. अठरा वर्षं मी दुसऱ्यांवर संशय घेतला. आता माझ्यावर कोणी घेतला तर तो घेऊ दे.

खाली रस्त्यावर आलो. हाताला पट्ट्याचे लाल वळ उठले होते, तरी मी धरूनच होतो.

"सोड आता," सद्या मागे न बघता म्हणाला. "पाखाडी संपली."